‘इंजिन केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

सांगली, मिरज, कुपवाडच्या तमाम फिटर, डेंटर, पेंटर, वायरमन आणि लेथवाल्या मंडळींना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला बघितलंय. शंभर फुटी रस्त्यावर, कुपवाडच्या लेथवर, मिरजेच्या बोळांत. हातात कापडी पिशवी, पिशवीत कधी कार्बोरेटर, कधी ब्रेकचं सिलिंडर, आणि तोंडात प्रश्न. “साहेब नाहीत का बरोबर?” असं तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं. साहेब घरी होते. त्यांना स्टेपनीसुद्धा बदलता येत नाही आणि गाडी माझ्या वडलांची होती, त्यामुळं तो विषय इथंच मिटवू.

पत्र तक्रारीचं आहे. उपकाराचंही आहे, पण ते ओघानं येईल.

माझी तक्रार एका क्रियापदाबद्दल आहे. ‘करणे’. तुम्ही ब्रेक करता, क्लच करता, हेड करता, इंजिन करता. “काय झालं होतं?” विचारलं तर “झालं की आता, केलं सगळं.” बिलावर ‘इंजिन काम, लेबर’ आणि खाली आकडा. त्या ‘केलं’च्या आत किती गोष्टी असतात हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही एका माणसानं मुद्दाम सांगितलं म्हणून.

आमचे अप्पा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीच्या रोजमेळात पाच पैशांचा फरक आला तर रात्री दहापर्यंत थांबणारा माणूस. १९८६ साली शेठजींनी मारुती घेतली आणि जुनी फियाट अप्पांना दिली, राहिलेल्या बोनसच्या बदल्यात. १९७० ची फियाट ११०० डिलाइट, फिकट निळी, स्टेअरिंगच्या दांड्यालाच आडवा गिअर. आमच्या गल्लीत तेव्हा चारचाकी म्हणजे ती एकच. लग्नाच्या वराती, बाळंतिणी, दहावीची पोरं, सगळ्यांना तिनं वाहिलं. अप्पांनी तिच्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची वेगळी चोपडी घातली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा, सगळं त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. आणि मधे मधे: ‘कार्बोरेटर केला. ६० रु.’ ‘ब्रेक केले. ११० रु.’ ‘हेड केलं.’ त्यांच्या पश्चात मी ती चोपडी ओळीनं वाचली. हे ‘केला, केली, केलं’ एक्केचाळीस वेळा आहे. काय केलं, ते एकदाही नाही. पाच पैशांसाठी रात्र जागवणाऱ्या माणसानंही तुमच्यापुढं हात टेकले होते.

२००९ ला अप्पांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला, आणि गाडी गावभागातल्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्यानंतर आम्हा भावंडांचं नेहमीचं: बघू, करू, दिवाळीत काढू. दहा वर्षं गेली. मग ऑगस्ट २०१९.

त्या पुराबद्दल सांगलीकराला काय सांगायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही आई-अप्पांना विश्रामबागला आणलं, आणि शेड विसरलो. पाणी उतरल्यावर आत गेलो तर गाडीच्या टपावरसुद्धा नदीचा गाळ. आपल्याकडे नदीकाठच्या जमिनीला मळी म्हणतात, आणि मळीत काय पिकत नाही? गाडीच्या सीटवर महिनाभरात कसलंसं हिरवं उगवलं. भाऊ म्हणाला, एकदा बॅटरी जोडून सेल्फ मारून बघू. अप्पा खाटेवरनं ओरडले, “कुणी सेल्फ मारायचा नाही!” आम्हाला वाटलं म्हाताऱ्याची चिडचिड. खरं कारण मला तीन वर्षांनी कळलं. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो, हवा दबते पण पाणी दबत नाही, आणि मधल्यामधे कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या एका ओरडण्यानं इंजिन वाचलं. हेही त्यांना कधीतरी तुमच्यापैकीच कुणीतरी सांगितलं असणार. म्हणजे तुम्ही सांगता. पण मनात आलं तर.

२०२१ च्या जानेवारीत अप्पा गेले. गाडी माझ्या नावावर करायचा अर्ज, भावाची संमती, दाखले, यात काही महिने गेले. तो भाग कंटाळवाणा आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो, एवढं मात्र वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.

आता पहिल्या गॅरेजची गोष्ट. नाव सांगणार नाही, कारण असं एकच गॅरेज असतं तर पत्र लिहायची वेळच आली नसती. गाडी टोचन करून नेली. मालकानं बॉनेटही न उघडता पहिलं वाक्य टाकलं: “म्याडम, भंगारात द्या, काही उरलं नाही.” मी अडून बसले तेव्हा दुसरं: “मग दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो, झकास पळेल.” मी त्यालाही नाही म्हटलं. तिसरं वाक्य: “बरं, करून देतो.”

चौदा महिने ते ‘करत’ होते. पंच्याऐंशी हजार गेले. गाडी बाहेर आली ती आरशासारखी. निळा रंग असा की आईनं त्यात पदर सावरला. घरी आणली, चार दिवसांनी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट सहज पुढच्या दरवाज्याच्या खालच्या अंगाला लावून बघितला. कुठंतरी वाचलं होतं म्हणून. गणपती घसरून खाली. वीतभर वर लावला तर चिकटला. परत खाली आणला तर घसरला. मी फरशीवर बसून अख्ख्या गाडीभोवती तो गणपती फिरवला आणि खडूनं रेघ मारत गेले. दोन्ही उंबरठ्यांवर, म्हणजे दरवाज्याखालच्या पट्ट्यांवर, मॅग्नेट धरतच नव्हता. पत्रा नव्हताच तिथं. गंजलेल्या भोकांवर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. गाडी सुरू व्हायची, पण चढाला फटाके फोडायची. आणि मी विचारायला गेले तर उत्तर तेच. “सगळं केलंय, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.”

फसवलं याचा राग आला होताच. पण ‘काय केलं’ हे विचारायला माझ्याकडं शब्दच नव्हते, त्याचा जास्त आला. सोनाराकडं गेलो तर तूट, घट, मजुरी हे शब्द आपल्याला येतात. तुमच्याकडं आलो की आम्ही मुके.

मिरजेतल्या चाचांकडं मला एका रिक्षावाल्यानं पाठवलं. सत्तरी पार केलेले, गॅरेज म्हणजे एक चिंचेचं झाड आणि दोन पत्रे. त्यांनी मला साहेब कुठं आहेत ते विचारलं नाही. गाडी भोवतीनं एकदा हिंडले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, मान तिरकी करून ऐकलं, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या डब्याच्या, टोपीवरच्या दोन वायरी उपसून एकमेकींच्या जागी घातल्या. फटाके बंद.

“एक, तीन, चार, दोन,” ते म्हणाले. “फियाट या क्रमानं पेटते. त्यांच्या पोरानं दोन आणि चारची अदलाबदल केली होती. म्हण बघू.”

मी म्हटलं. एक, तीन, चार, दोन. बावन्नाव्या वर्षी कुणीतरी मला पाढा म्हणायला लावला होता. पुढं दीड वर्ष, बँकेतल्या माझ्या नोकरीच्या सुटीचे शनिवार-रविवार मी त्या चिंचेखाली काढले, आणि चाचांनी एकदाही ‘केलं’ म्हटलं नाही. पाना हातात घेतला की तोंड सुरू. पहिल्या गॅरेजच्या इंजिनकामावर त्यांचं समाधान नव्हतं हे मला लगेच कळलं. म्हणाले, चालतंय म्हणून सोडू नको, आत गाळ आहे. तेलाची कांडी काढून बोटावर चोळली: बारीक रेती. इंजिन खाली उतरवलं.

एक दिवस मात्र नीट सांगते, कारण ‘हेड केलं’ या दोन शब्दांत तो सबंध दिवस मावतो असं तुम्ही समजता.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ते पालथं ठेवलेलं. फियाटचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं खालचं धड, बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोघांचं गरम झाल्यावर फुगणं वेगळं, म्हणून जास्त तापलं की हेडच वाकतं. चाचांनी त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून पलीकडनं बॅटरीचा उजेड पाडला. पट्टीखालून मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. “बघ, इथं पोट गेलंय.” ते लेथवर घासून सपाट करून आणलं. मग व्हॉल्व. आठ. प्रत्येक आपल्या बैठकीवर असा बसला पाहिजे की वाफसुद्धा निसटू नये. चाचांनी व्हॉल्वच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचा चिमूटभर ठिपका लावला, लाकडी दांडीचा रबरी चोषक वर चिकटवला आणि दांडी दोन तळव्यांत धरून फिरवायला लागले. घुर्र पुढं, घुर्र मागं. मग दांडी उचलून जरा वळवून पुन्हा. मी बघत होते आणि मला आमच्या आजीची रवी दिसत होती. ताक घुसळतानाची तीच लय, तेच तळव्यांचं घासणं. “धर,” म्हणाले. सुरुवातीला आवाज खरखरीत होता. पाचेक मिनिटांनी तो मऊ झाला. “ऐक. वाळूचा आवाज गेला की समज बैठक धरली.” पुसून बघितलं तर व्हॉल्वच्या कडेला सगळीकडं सारखी, न तुटलेली राखाडी रेघ. चंद्रकोरीसारखी एका बाजूला जाड असती तर पुन्हा. आठही झाल्यावर हेड तसंच पालथं ठेवून खोलग्यांत रॉकेल ओतलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर सात कोरडे, एका खाली ओलावा. तो परत घासला.

दुपारी हेड ब्लॉकवर बसवलं. नट आवळायचे टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आणि ते मधनं बाहेर, एकाआड एक, आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. कडेपासनं सुरुवात केली तर मधे फुगवटा राहतो. “चपाती लाटताना पण मधनंच बाहेर जातेस ना?” मी म्हटलं, चाचा, चपातीला टॉर्क रेंच लागत नाही. ते म्हणाले, तुझ्या आईच्या मनगटात असतो.

असं असतं ‘हेड केलं’. तुमच्या बिलात ते दोन शब्द आणि एक आकडा. मग गिऱ्हाईक घासाघीस करणार नाही तर काय करणार? त्याला दिसतच नाही तुम्ही काय विकलंत ते.

बोअरिंगचंही, म्हणजे सिलिंडर आतनं कातून रुंद करण्याचंही, तसंच. गाळानं दोन सिलिंडरांच्या भिंती ओरबाडल्या होत्या. चाचांनी पिस्टन लाकडाच्या ठोकळ्यानं खालनं ढकलून काढले, आणि ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात गेला. तिथल्या लेथवाल्यानं विचारलं, “पिस्टन कुठं आहेत?” मी म्हटलं, तुम्ही बोअर करा, त्या मापाचे आणते. त्यानं ब्लॉकला हातच लावला नाही. “आधी पिस्टन आणा. पिस्टन मोजून त्याच्याजोगा बोअर करायचा. पायाचं माप घेऊन चप्पल करतात, चपलेच्या मापाचा पाय शोधत नाहीत.” चार पिस्टन मिळायला अडीच महिने लागले.

आणि ते का लागले, तेही सांगायला हवं. डिलाइट गेली तरी तिचंच इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, १०८९ सीसी, पुढं प्रीमिअर पद्मिनीत चालू राहिलं. आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. हजारो टॅक्स्या रस्त्यावर होत्या तोवर सुटे भाग बनवणारे होते, विकणारे होते. कुर्ल्याच्या कारखान्यातनं पद्मिनी निघायची या शतकाच्या तोंडावर थांबली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरनं उतरली. मी नेमकी त्याच दिवाळीत पिस्टन शोधत होते. पेपरात सगळे हळवे होऊन टॅक्सीचे फोटो छापत होते, आणि मला दिसत होतं की आता वॉटर पंपाचं किट कुठनं मिळणार. कुर्ल्याचा तो कारखाना वालचंद हिराचंदांच्या, १९४४ साली निघालेल्या कंपनीचा. त्यांच्याच नावाचं कॉलेज आपल्या विश्रामबागेत आहे, दरवर्षी शेकड्यानं इंजिनिअर बाहेर पडतात. त्यातल्या दोघांना मी डायनॅमो दाखवला. त्यांनी फोटो काढला, मला पाठवला आणि “नाइस” म्हणाले.

उंबरठ्यांवर परत येते, कारण तिथं जीव जाऊ शकला असता. चाचांनी गाडी मधोमध जॅकवर उचलली आणि मला दरवाजा उघडून लावायला सांगितला. उघडला. लागेना. वर अर्धा इंच अडत होता. “ही जीपसारखी चासीवर बसवलेली बॉडी नाही. हिचा पत्रा हाच हिचा सांगाडा. उंबरठे सडले म्हणजे हिचं कंबरडं सडलं. तुझ्या पंच्याऐंशी हजारांत कंबरेला पुट्टी लावलीय.” मग त्यांच्या ओळखीच्या डेंटरनं आधी दरवाज्यांच्या चौकटींत आडव्या-तिरक्या सळया टाके मारून घेतल्या, म्हणजे कापताना गाडी दुमडू नये, आणि मगच कुजका पत्रा कापून नवा घातला. आतल्या पोकळीतनं दोन घमेली नदी निघाली. पाणी जायची जी भोकं कंपनीनं ठेवलेली असतात ती पुराच्या गाळानं बुजली होती, आणि पहिल्या गॅरेजवाल्यांनी उरलेली पुट्टीनं बुजवली. हे त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. सिलिंडर, रबरं, लायनर सगळं नवं. वायरिंग उंदरांनी आधीच ‘केलं’ होतं. क्रोम, सीट, रंग यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांच्या कानावर घालायची आहे. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. जुन्या रबराला ते सोसत नाही: पेट्रोलचे पाइप मऊ पडतात, पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, आखडतो, कार्बोरेटरचे पॅकिंग फुगतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला ते पाणी गंज धरतं. इथेनॉलला टिकणारं रबर मिळतं, सांगून मागवावं लागतं. आणि इथेनॉल येतं कुठनं? त्यातलं काही तरी आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतनं. एका मळीनं अप्पांची गाडी बुडवली, आणि आता दुसरी मळी तिच्या पोटात. आमचा स्वतःचाही दीड एकर ऊस आहे, त्यामुळं बोलायची सोय नाही.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणाऱ्या झडपेची. तुमच्यातले दहातले नऊ जण तो काढून फेकून देतात. “आपल्याकडं गरमी, लागत नाही.” चाचासुद्धा आयुष्यभर हेच करत आले, आणि यावर आमचं भांडण झालं. मी चोपडीतली नोंद दाखवली: थर्मोस्टॅट होता तोवर लिटरला किती, नंतर किती. तो काढला की इंजिन तापायलाच वेळ लागतो, चोक जास्त वेळ ओढला जातो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जाऊन झीज होते. चाचा आकडे बघून गप्प झाले, आणि पुढच्या आठवड्यात चुलीवर पातेल्यात पाणी ठेवून थर्मोस्टॅट उघडतो की नाही ते त्यांनी मला दाखवलं. आता गाडीत आहे. सांगण्याची देवाणघेवाण दोन्हीकडनं होऊ शकते, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही का सांगत नाही, हे मला चाचांनीच एकदा सांगितलं. “सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच होतं? मग एवढे पैसे कशाचे?” खरं आहे. आम्ही तसलेच आहोत. डॉक्टरला बोलण्याची फी देतो आणि तुमच्याकडं स्क्रू फिरवायचे पैसे मोजतो. दुसरं, ज्याला सांगावं असं पोरगंच उरलं नाही. चाचांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, नातू लॅपटॉप लावून गाडीचा कोड वाचतो. हेल्पर टिकत नाही. मग सांगायचं कुणाला, तर चिंचेखाली बसलेल्या बँकेतल्या बाईला.

पण मिरजेतच, चाचांच्या झाडापासनं चालत जाता येईल अशा अंतरावर, सतारमेकर गल्ली आहे. त्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. तलवारी गेल्या तेव्हा ते तंबोऱ्यांकडं वळले. तारांखालची घोडी सुताएवढी कमी-जास्त घासून जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, काढणारा तो हात आणि व्हॉल्वचा आवाज मऊ होईपर्यंत घासणारा चाचांचा हात, मला तर फरक दिसत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवायचं तर वस्तू कशी घडते, कशापासनं, कोणत्या पायऱ्यांनी, हे कागदावर मांडावंच लागतं. जवारीसारखी गोष्ट कागदावर येऊ शकते, तर कार्बोरेटर का नाही?

आणि कायद्याचाही एक मुद्दा आहे, तुमच्या फायद्याचा. २०२१ च्या जुलैपासनं पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. म्हणजे “दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो” हे वाक्य त्या गाडीचा तो रस्ताच कायमचा बंद करतं. एरवीही नोंदपुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळं इंजिन बसवलं तर ते तिथं चढवावं लागतं. मी स्वतः ‘व्हीए’ घेतला नाही, कारण त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला तिच्यातनं मंडईला जायचंय, आईला हरिपूरला न्यायचंय. म्हणून साधं पासिंग, दर पाच वर्षांनी. ते २०२२ ला सहाशेचं पाच हजार झालं आणि २०२५ पासनं वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरनी इंजिन नंबर ताडून बघितला, ब्लॉक मूळचाच, नंबर जुळला. मग त्यांनी विचारलं, “काय काय केलंय?” मी चोपडी पुढं केली. अप्पांची चोपडी, तिची मागची कोरी पानं. चाचा सांगायचे ते मी तिथं लिहीत होते. त्यांनी चार पानं उलटली, खुर्ची ओढून बसले, आणि उंबरठ्यांचे फोटो बघायला मागितले.

तर मंडळी, मागणं फार नाही. बिलाच्या पाठीवर पाच ओळी. काय उघडलं, काय खराब निघालं, काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि का. स्वतः लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोला, गिऱ्हाईक उतरवून घेईल. काढलेला भाग पिशवीत घालून परत द्या, मग तो कितीही भंगार असो. सांगायचे वेगळे दोनशे रुपये लावा, मी देईन, आणि जो देणार नाही त्याची गाडी घेऊ नका. आणि बापाची गाडी घेऊन कुणी दारात आलं, तर ‘भंगारात द्या’ हे वाक्य निदान बॉनेट उघडल्यावर म्हणा.

गाडी गेल्या दसऱ्यापासनं रस्त्यावर आहे. आई पुढं बसते आणि आडवा गिअर टाकताना माझा हात बघते. “अप्पा जरा हळू टाकायचे,” एवढंच म्हणते. मागच्या डाव्या चाकाकडनं खड्ड्यात कुरकुर येते. चाचा म्हणतात पाट्याचा बुश, मला वाटतं शॉकअबचं रबर. रविवारी उघडून बघणार आहोत. चिंचेखाली, सकाळी नऊला. ज्यांना वेळ असेल त्यांनी या, भडंग मी आणते.

आणि कुणाच्या माळ्यावर डिलाइटची डावी टेललाइटची काच पडली असेल तर कृपा करून टाकू नका. सध्या तिथं लाल प्लॅस्टिकचा डबा कापून लावलाय. तो मीच केलाय, आणि कसा केलाय ते चोपडीत लिहिलंय.

आपली,
फियाटवाल्या दिवाणजींची मुलगी
विश्रामबाग, सांगली